रेंडर मधेच बंद पडते तेव्हा

लग्नाच्या व्हिडिओचा धंदा आता आपल्या पुष्कळ घरांत शिरला आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी अशा मागांच्या गावांत वडील कारखान्यात आणि मुलगा माळ्यावर संगणकापुढे, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. मालेगावला तर व्हिडिओचा नाद जुनाच. तेथे नासिर शेख यांनी २००० च्या सुमारास 'मालेगाव के शोले' काढला होता. आम्ही कापडवालेसुद्धा हल्ली साड्यांचे आणि ड्रेस मटेरियलचे व्हिडिओ बनवून घेतो आणि बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना फोनवर पाठवतो. एडिटिंग करणाऱ्याचे काम अडले की आमचाही माल अडतो. म्हणून आज या पानावर कापडाचा भाव बाजूला ठेवून रेंडरविषयी लिहीत आहे.

ज्यांना हा शब्द माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शूटिंग झाले, काटछाट झाली, गाणी बसली, नावे टाकली, तरी अजून गिऱ्हाइकाला देण्यासारखी फाइल तयार झालेली नसते. संगणकाजवळ फक्त हिशोब असतो, की हा तुकडा येथून घ्यायचा, त्यावर हा रंग चढवायचा, वर ही अक्षरे ठेवायची. या हिशोबाप्रमाणे एकेक चित्र प्रत्यक्ष तयार करून सलग फाइल बनवणे म्हणजे रेंडर. आपल्याकडे सेकंदाला बहुधा २५ चित्रे धरतात. म्हणजे एका तासाच्या लग्नासाठी ९०,००० चित्रे. त्यातले एक जरी तयार होऊ शकले नाही तरी काम बंद पडू शकते.

पुष्कळ मुले म्हणतात, "पडद्यावर चालवून पाहतो तेव्हा तर सगळे व्यवस्थित चालते, मग रेंडरलाच काय होते?" याचे कारण साधे आहे. चालवून पाहताना सॉफ्टवेअर सवलत घेते. चित्र निम्म्या किंवा पाव आकाराचे दाखवते, वेळ पुरला नाही तर मधली चित्रे गाळते. रेंडरमध्ये कोणतीही सवलत नाही. नमुन्याची वीतभर पट्टी छान निघाली म्हणून पूर्ण ताका बिनदोष निघेल असे कोणी कापडवाला म्हणत नाही, तसेच हे आहे.

आता माझ्या घरातली हकीकत सांगतो. माझा भाचा लग्नाचे काम करतो. एका गिऱ्हाइकाचा एक तासाचा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी द्यायचा होता, बाकीची रक्कम फाइल हातात पडल्यावरच मिळणार होती. रात्री बटण दाबून झोपला, सकाळी उठून पाहतो तर काम १९ टक्क्यांवर मेलेले. पुन्हा लावले, पुन्हा तेथेच. दुरुस्तीवाल्याला फोन केला. त्याने संगणक न पाहताच सांगितले की मशीन जुने झाले, नवे घ्या, आणि ऐंशी हजारांचा आकडा सांगितला. भाचा माझ्याकडे पैसे मागायला आला. संगणकातले मला फारसे कळत नव्हते, पण मी त्याला एकच विचारले, "दर वेळी त्याच जागी थांबते का?" तो म्हणाला, "हो मामू, अगदी त्याच जागी."

हा प्रश्न मी मागावर शिकलो. ताण्याची एकच तार पुन्हा पुन्हा तुटत असेल तर जाणता कारागीर त्या तारेच्या जागी फणीत पाहतो, तार ओवलेल्या भोकात पाहतो. आज इकडची, उद्या तिकडची, अशी कुठलीही तार तुटत असेल तर तो फणीकडे पाहत नाही. सायझिंग बिघडले, नाहीतर हवा कोरडी पडली, असे समजतो. रेंडरचेही अर्धे निदान याच प्रश्नात आहे. दर वेळी त्याच जागी थांबते, तर बहुतेक दोष त्या जागी ठेवलेल्या मालात असतो: एखादा खराब तुकडा, एखादा इफेक्ट, एखादे भलेमोठे छायाचित्र. कधी १२ टक्क्यांवर, कधी ६० वर, कधी पूर्णही होते, असे असेल तर दोष यंत्रात शोधावा: उष्णता, वीज, मेमरी, ड्रायव्हर. दोनदा रेंडर लावून दोन्ही वेळा थांबल्याची जागा कागदावर लिहून ठेवणे, एवढे केल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत असे माझे मत आहे.

जागा ठरलेली असेल तर ती शोधायची कशी? प्रीमियर प्रो चुकीच्या संदेशाबरोबर पुष्कळदा तेथला वेळ दाखवते, तो आधी वाचावा. घाईने खिडकी बंद करण्याची सवय वाईट. वेळ दिला नसेल तर निम्म्याचा हिशोब करावा. पूर्ण तासातला पहिला अर्धा तासच रेंडर करायचा. तो नीट निघाला तर दोष दुसऱ्या अर्ध्या तासात. मग त्यातले पहिले निम्मे. तासाचे सेकंद ३,६००. नऊ वेळा निम्मे केले की आपण सात सेकंदांवर येऊन पोहोचतो. दर फेरी आधीच्या निम्म्याची असल्याने सगळ्या फेऱ्या मिळूनही एका पूर्ण रेंडरएवढाच वेळ जातो. अंदाजाने इकडचे काढ, तिकडचे बदल करण्यात याहून जास्त रात्री वाया जातात.

त्या सात सेकंदांत काय सापडते? बहुधा पुढीलपैकी एक. पाहुण्यांच्या फोनवरून घेतलेला तुकडा असू शकतो. फोन सेकंदाला ठरावीक चित्रे घेत नाही, उजेड कमी झाला की वेग बदलतो. अशा तुकड्याने आवाज मागेपुढे सरकतो आणि कधी रेंडरही अडखळते. हँडब्रेक नावाचे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे, त्यात फ्रेम रेट 'कॉन्स्टंट' निवडून तुकडा आधी बदलून घ्यावा आणि मगच कामात घ्यावा. कार्डावरून उतरवताना खराब झालेला तुकडा असेल तर मूळ कार्डावरून पुन्हा उतरवावा; म्हणून पैसे मिळेपर्यंत कार्ड पुसू नये. इफेक्ट असेल तर तो काढून रेंडर करून पाहावे.

छायाचित्रांविषयी थोडे जास्त सांगतो, कारण येथे आपली मुले हमखास फसतात. लग्नाच्या अल्बमची दोनशे छायाचित्रे कॅमेऱ्यातून निघाली तशीच टाकतात. २४ मेगापिक्सेलचे छायाचित्र म्हणजे ६,००० बाय ४,००० ठिपके. सॉफ्टवेअर ते उघडून पूर्ण बारकाईने हिशोब करते तेव्हा एका ठिपक्याला १६ बाइट लागतात, म्हणजे एकाच छायाचित्राला ३८ कोटी ४० लाख बाइट. पडद्यावर मात्र त्यातले निम्मेही ठिपके दिसत नाहीत. तेव्हा छायाचित्रे आधी ४,००० ठिपक्यांच्या रुंदीची करून घ्यावीत, पाहणाऱ्याला फरक कळणार नाही. प्रीमियरच्या मेमरी सेटिंगमध्ये रेंडर 'परफॉर्मन्स'साठी की 'मेमरी'साठी असा पर्याय आहे. छायाचित्रे जास्त असतील तर 'मेमरी' निवडावे. काम हळू होते, पण होते.

हाच हिशोब ग्राफिक्स कार्डाला लावून पाहू. ४के चित्र ३,८४० बाय २,१६० म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके. १६ बाइटांप्रमाणे एका चित्राला १३ कोटी २७ लाख बाइट होतात. कार्डावर ४ जीबी मेमरी असेल तर नुसती तीसेक चित्रे मावतील, आणि त्यातलाही काही भाग विंडोज आणि उघडे राहिलेले ब्राउझर खात असते. आता एका चित्रावर दुसरे, त्यावर अक्षरे, वर धुरकटपणा आणि रंग, अशा प्रत्येक पायरीला वेगळी जागा लागते. दाणे घालवण्याचा नॉइज रिडक्शन इफेक्ट तर मागची पुढची कित्येक चित्रे एकदम धरून ठेवतो. मग दा विंची रिझॉल्व्ह सांगते की ग्राफिक्स कार्डाची मेमरी भरली आणि काम थांबते. एचडीचे चित्र ४के च्या बरोबर एक चतुर्थांश असते. गिऱ्हाईक फोनवरच पाहणार असेल तर ४के चा हट्ट कशासाठी? पूर्ण काम एचडीच्या टाइमलाइनवर करून द्यावे. ४के द्यायचेच असेल तर नॉइज रिडक्शनचा तुकडा आधी वेगळा रेंडर करून तयार फाइल परत जागेवर बसवावी. एकदा शिजलेले पुन्हा शिजवावे लागत नाही.

कार्डाचाच दोष आहे की नाही, हे पाहण्याचा एक स्वस्त उपाय आहे. प्रीमियरच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये रेंडरर 'सॉफ्टवेअर ओन्ली' करावा आणि एक्सपोर्टच्या वेळी 'हार्डवेअर एन्कोडिंग'ऐवजी 'सॉफ्टवेअर एन्कोडिंग' निवडावे. मग बरेचसे काम ग्राफिक्स कार्डाला वगळून प्रोसेसर करतो. वेळ कित्येक पट लागतो, पण रेंडर पूर्ण झाले तर दोष कार्डात, त्याच्या मेमरीत किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे हे कळते, आणि त्या दिवसाची फाइलही हातात येते.

ड्रायव्हरचे थोडक्यात सांगतो. विंडोज ग्राफिक्स कार्डाला उत्तर द्यायला साधारण दोन सेकंदांची मुदत देते. तेवढ्यात उत्तर आले नाही तर कार्ड अडकले असे समजून ड्रायव्हर पुन्हा चालू करते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो आणि एडिटिंगचे सॉफ्टवेअर गायब झालेले असते. असे झाले तर ड्रायव्हर बदलावा. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर खेळांसाठीचा न घेता 'स्टुडिओ ड्रायव्हर' घ्यावा, जुना पूर्ण पुसून नवा बसवावा. मात्र सीझनच्या मध्ये सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवू नये. नव्या आवृत्तीत उघडून साठवलेले काम जुन्या आवृत्तीत सहसा परत उघडत नाही.

आता जागा बदलत थांबणारे रेंडर. येथे आणखी एक गोष्ट पाहावी, की मरते काय? संदेश येतो पण सॉफ्टवेअर जिवंत राहते, हा एक प्रकार. सॉफ्टवेअर नाहीसे होते पण संगणक चालू राहतो, हा दुसरा. आणि संगणकच बंद पडतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो, हा तिसरा. तिसऱ्या प्रकारात सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये. तेथे उष्णता किंवा वीज, या दोघांपैकी एकावर पहिला संशय घ्यावा.

मागाच्या गावात उष्णतेचे कारण बहुतेक रुई असते. कारखान्यातून उडालेली बारीक रुई माळ्यावर येते, संगणकाचा पंखा ती आत ओढतो आणि प्रोसेसरवरच्या जाळीत तिची गादी तयार होते. मी स्वतः पाहिलेल्या एका पेटीतून बोटभर जाडीची वळी निघाली होती. गाणी ऐकताना, चिठ्ठ्या टाइप करताना काही कळत नाही. रेंडर मात्र प्रोसेसर आणि कार्ड दोघांना तासन्‌तास पूर्ण जोराने पळवते. आजच्या बहुतेक प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. ती जवळ आली की प्रोसेसर आधी वेग कमी करतो आणि तरीही ताप चढत राहिला तर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. एचडब्ल्यूइन्फो नावाचे फुकट सॉफ्टवेअर अंश दाखवते. रेंडर लावून पंधरा मिनिटे आकड्याकडे पाहावे. जास्त असेल तर पेटी उघडून ब्लोअरने साफ करावी (पंख्याचे पाते बोटाने धरून), प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलावी. लॅपटॉप गादीवर ठेवून रेंडर करणाऱ्यांना काय सांगावे! खालची हवा येण्याची जाळी गादीने बुजते.

विजेचे असे, की दिवे लावण्यासाठी बसवलेला घरगुती इन्व्हर्टर लाइट गेल्यावर क्षणभर उशिराने चालू होतो आणि तेवढ्या क्षणात संगणक बंद पडू शकतो. संगणकाला यूपीएस वेगळा पाहिजे आणि तो ग्राफिक्स कार्डासह सगळ्यांचा भार पेलणारा पाहिजे. पेटीतल्या एसएमपीएसचेही तसेच. कार्ड नवे घेतले, एसएमपीएस जुनाच ठेवला, तर रेंडरच्या मध्ये कार्डाने एकदम जास्त वीज ओढली की संगणक कोणताही संदेश न देता बंद होतो.

सॉफ्टवेअर कुठेही, कसेही मरत असेल तर रॅम तपासावी. विंडोजमध्येच मेमरी डायग्नोस्टिक असते, रात्रभर लावून ठेवावे. सी ड्राइव्ह भरलेली असेल तर तीही मोकळी करावी. रॅम कमी पडली की विंडोज तिचे काम सी ड्राइव्हवर नेते, तेथेही जागा नसेल तर ते जाणार कुठे? एडिटिंग सॉफ्टवेअरची कॅश फाइलही कधी बिघडते. ती पुसल्याने आपले मूळ काम जात नाही, सॉफ्टवेअर पुन्हा बनवून घेते.

एक मोठे प्रकरण येथे सांगणे जरूर आहे, कारण आपल्यापैकी अनेकांनी तेच प्रोसेसर घेतलेले आहेत. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत कारणाशिवाय काम बंद पडण्याच्या तक्रारी आल्या. गंमत अशी, की पुष्कळांना ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपल्याचा संदेश येत होता आणि दोष होता प्रोसेसरचा. लोकांनी बिचारी चांगली कार्डे बदलली असतील. २०२४ मध्ये इंटेलने मान्य केले की प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जात होते. ऑगस्ट २०२४ पासून त्यावर दुरुस्ती दिली गेली, ती मदरबोर्डच्या बायोस अपडेटमधून येते, आणि या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ज्यांच्याकडे हे प्रोसेसर आहेत त्यांनी बायोस नवा करून घ्यावा. मात्र जो प्रोसेसर आधीच खराब झाला आहे तो बायोसने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो. त्यासाठी बिल जपून ठेवलेले असले पाहिजे. कच्च्या पावतीवर माल घेणाऱ्यांची येथे पंचाईत होते.

चोरीच्या सॉफ्टवेअरविषयीही दोन शब्द. कुलूप तोडलेले प्लगइन आणि सॉफ्टवेअर हे जागा बदलत मरण्याचे एक मोठे कारण आहे आणि तेथे कोणाकडे तक्रार करण्याची सोय नाही. आता तशी मजबुरीही राहिलेली नाही. दा विंची रिझॉल्व्हची साधी आवृत्ती कंपनीच फुकट देते आणि ४के अल्ट्रा एचडीपर्यंत फाइल काढून देते. केडेनलाइव्ह आणि शॉटकटसुद्धा फुकट आहेत. लग्नाच्या कामाला एवढे पुरते.

भाच्याच्या गोष्टीकडे परत येतो, कारण ती वरच्या नियमात बसली नाही. त्याचे रेंडर दर वेळी त्याच जागी थांबत होते, म्हणून आम्ही तेथला तुकडा बदलला. तरी थांबलेच. मग मी म्हणालो, सुरुवातीचे एक मिनिट काढून टाक आणि पाहा. मालात दोष असेल तर तो तुकडा आता एक मिनिट आधी येईल आणि रेंडरही एक मिनिट आधी मरेल. तसे झाले नाही. ते पुन्हा साडेअकरा मिनिटांच्या आसपासच थांबले, पण या वेळी वेगळ्या तुकड्यावर. म्हणजे त्याला तुकड्याशी देणेघेणे नव्हते, ते गज मोजत होते.

तो फाइल सरळ गिऱ्हाइकाच्या ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर काढत होता. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही, ड्राइव्ह कितीही रिकामा असला तरी. भाच्याने सेकंदाला ५० मेगाबिटचा दर ठेवलेला होता. त्या दराने ४ जीबी भरायला साधारण ६८७ सेकंद लागतात, म्हणजे साडेअकरा मिनिटे. एका तासातले साडेअकरा म्हणजेच १९ टक्के. मशीन बिनदोष होते. ऐंशी हजार वाचले, आणि फाइल आधी हार्ड डिस्कवर काढून त्या दुपारीच दिली.

तेव्हापासून तो आणखी दोन गोष्टी करतो. मोठे काम असेल तर एकदम एमपी-फोर काढत नाही. एमपी-फोर फाइलचा निर्देशांक सहसा सगळ्यात शेवटी लिहिला जातो, त्यामुळे काम ९५ टक्क्यांवर मेले तरी आधीचा सगळा भाग उघडत नाही. तो लग्नाचे निकाह, वलिमा असे भाग वेगवेगळे प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमध्ये काढतो. या फाइली मोठ्या असतात, पण त्यांत इफेक्ट शिजून बसलेले असतात. एक भाग मेला तर तेवढाच पुन्हा करायचा. मग सगळे भाग जोडून शेवटी एमपी-फोर बनवतो, त्या वेळी संगणकावर भार फारसा राहत नाही. आणि रिझॉल्व्हमध्ये चित्र तयार होऊ शकले नाही तर रेंडर थांबवण्याचा पर्याय आहे, तो चालू ठेवतो. नाहीतर खराब चित्र गुपचूप फाइलमध्ये जाते आणि गिऱ्हाईक घरी सगळ्यांसमोर पाहते.

पेन ड्राइव्ह देताना तो आता एक्सएफएटीने फॉरमॅट करतो, त्यात ४ जीबीची अट नाही. फक्त गिऱ्हाइकाचा टीव्ही जुना असेल तर आधी विचारून घ्यावे. काही जुने टीव्ही एक्सएफएटी वाचत नाहीत. त्यांना एफएटी३२ वरच, पण ४ जीबीच्या आतले दोन-तीन भाग करून, एक-दोन-तीन अशी नावे देऊन द्यावे.